बासचा रॉड घेऊ का, काका?

गळ-दोरी : वाचकांचे प्रश्न

दिवाळी झाली, नदीचं पाणी निवळलं की या सदराकडे सामानाचे प्रश्न यायला लागतात, दरवर्षीचं आहे हे. यावेळी जरा जास्तच आलेत. जे बऱ्याच जणांच्या मनात असणार असे निवडून घेतलेत, बाकीच्यांना पुढच्या अंकात.

प्रश्न : काका नमस्कार, मी निपाणीचा, सध्या बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, उद्यमबागेजवळ रूम करून राहतोय. दोन-तीन महिने झाले यूट्यूबवर अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ बघूलोय. आता स्वतःचं सामान घ्यायचं म्हणून ऑनलाइन कार्टमध्ये टाकून ठेवलंय, बेटकास्टर रील, सात फुटी बास रॉड, बारा ल्युअरचा, म्हणजे नकली आमिषांचा, सेट, दोन प्रकारची दोरी, सगळं मिळून 9,400 रुपये होतात. पप्पा म्हणाले आधी कुणालातरी विचार आणि मग घे. मित्रमित्र मिळून हिडकल धरणावर जायचा विचार आहे. घेऊ का हे?

उत्तर : पप्पांनी बरोबर सांगितलं बघ. पैसे भरू नकोस अजून.

तू व्हिडिओत बघतोस तो लार्जमाउथ बास, मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. तिकडे त्याचं वेड केवढं ते तू बघितलंच आहेस. 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने 22 पौंड 4 औंसाचा बास काढला, म्हणजे दहा किलोच्या किंचित वर, आणि तो विक्रम गाठायला 2009 साल उजाडलं, जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली तेव्हा. एवढं वेड असल्यावर गोड्या पाण्यातल्या निम्म्या सामानावर बासचंच नाव असणार. पण हिडकलात बास नाही. घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा, मार्कंडेय, कुठेच नाही. हिडकलला तुला गावणार ते कटला, रोहू, चिलापी, शिवडा आणि नशीब असेल तर मरळ. त्यामुळे बासला काय लागतं हे हुडकत बसू नकोस, आपल्या पाण्यात कोण आहे, तो काय खातो आणि कुठे दबा धरून बसतो इथून सुरुवात कर, सामान आपोआप ठरतं.

आता एक चांगली गोष्ट सांगतो. आपली मरळ बसते अगदी बाससारखीच. जलपर्णीच्या कडेला, पाण्यात पडलेल्या बाभळीच्या फांदीखाली, कमळाच्या पानांच्या सावलीत नुसती थांबून राहते आणि बेडूक किंवा बारकं मासं टप्प्यात आलं की एका झेपेत घेते. म्हणून बाससाठी बनवलेलं सामान मरळीला चालतं, नुसतं चालत नाही, छान चालतं. तेव्हा तुझी निवड अगदीच चुकलेली नाही, फक्त कार्टातलं अर्धं काढून टाकायचं.

सगळ्यात आधी बेटकास्टर काढ. त्या रीलमध्ये दोरीचं चाक स्वतः गरगर फिरतं आणि ते अंगठ्याने आवरायचं असतं, ल्युअर पाण्यात पडला आणि तुझा अंगठा क्षणभर उशिरा बसला की चाक फिरतच राहतं आणि दोरी फुगून तिचं घरटं होतं, मग बांधावर बसून तासभर गुंता सोडव. हलका ल्युअर असला आणि समोरून वारा असला तर आणखी वाईट, आणि हिडकलच्या उघड्या पाण्यावर वारा असतोच. हात बसला की बेटकास्टर फार सुंदर चीज आहे, जड दोरी आणि जड ल्युअरला तिच्यासारखी दुसरी नाही, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. आत्ता स्पिनिंग रील घे, 3000 नंबरची, नाही मिळाली तर 2500 किंवा 4000. ती रॉडच्या खाली लटकते, चाक जागेवर थांबतं आणि दोरी नुसती कडेवरून सुटत जाते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून टाकता येते. हँडल डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूला लावता येतं तेही एक बरं.

रील घेताना डब्यावरची चित्रं बघू नकोस, रील हातात घे. कानाजवळ धरून हँडल सावकाश फिरव, आत खरखर लागते का, कुठे अडकल्यासारखं होतं का ते ऐक. हँडल धरून वर-खाली हलव, ढिलं लागायला नको. तारेची कमान उघडून हाताने बंद कर, टक्कन बसली पाहिजे. मग पुढचा ड्रॅगचा नॉब, म्हणजे किती ताणाला दोरी सुटावी ते ठरवणारा, अर्धा आवळ आणि दोरी हाताने ओढ, ती सलग सुटत यायला पाहिजे, धक्के देत नाही, कारण मोठा मासा पळताना तो धक्काच दोरी तोडतो. मी सुरुवातीला एका दुकानातून निव्वळ स्वस्त आहे म्हणून एक रील आणली होती, दिसायला झकास, आणि तिसऱ्याच महिन्यात चांगली मोठी मरळ लागलेली असताना आतले दात झिजून हँडल नुसतंच फिरायला लागलं. मरळ शेवाळात शिरली आणि गळ तोंडात घेऊन गेली. रील गेली त्याचं एवढं नाही, पण तो मासा गळ घेऊन कुठे तडफडला असेल ते अजून मनात आहे. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, रॉडमध्ये थोडं इकडेतिकडे चालेल, रील आणि दोरीत काटकसर नको. शिमानो, डायवा या जपानी कंपन्यांच्या साध्यातल्या साध्या रीलसुद्धा नवख्याला वर्षानुवर्षं पुरतात, शिमानो म्हणजे सायकलच्या गियरवर नाव असतं तीच. त्यांच्याच घ्यायला पाहिजेत असं नाही, वर सांगितलेल्या परीक्षेत उतरली की झालं.

रॉड साडेसहा ते सात फूट, मिडियम हेवी, आणि दोन तुकड्यांचा घे, एसटीत किंवा बाईकवर नेता येतो. मुठीच्या वर बारीक अक्षरात आकडे छापलेले असतात ते कुणी वाचतच नाही, पण सगळं तिथेच लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ दोरी 8 ते 17 पौंड ताकदीची आणि ल्युअर 7 ते 21 ग्रॅम. या दोन आकड्यांच्या आत राहिलास की रॉड, रील, दोरी, ल्युअर एकमेकांशी जुळतात. काही रॉडवर औंस असतात, एक औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम धर. मिडियम हेवी ही झाली पॉवर, म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, आणि अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो, फास्ट असेल तर फक्त शेंड्याजवळ, स्लो असेल तर पार मुठीपर्यंत. मरळीला फास्ट बरा, हिसका दिला की लगेच गळापर्यंत पोचतो. आणि दुकानात जाताना खिशात कापसाचा बोळा ने, रॉडच्या प्रत्येक कडीतून तो फिरव, कुठे कापसाचा तंतू अडकला तर तिथे आतल्या रिंगला चीर आहे, दोरी तिथेच कापणार, तो रॉड परत ठेव.

एक महत्त्वाचं राहिलं. कार्बनचा रॉड हलका असतो, पण त्यातून वीज जाते. आपल्याकडे नदीकाठाने मोटारींच्या तारा किती खाली लोंबतात ते तुला माहीत आहे. तारेखाली रॉड उभा करायचा नाही, टाकायच्या आधी वर बघायचं. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसले, लांब कुठे गडगडलं, की रॉड आडवा ठेवून पाण्यापासून लांब जायचं, मासा लागलेला असला तरी.

ल्युअर बारा नकोत, तीन पुरे. एक पोकळ रबरी बेडूक, म्हणजे फ्रॉग, एक स्पिनरबेट, म्हणजे गरगर फिरणारं चकचकीत पातं असलेला ल्युअर, आणि मऊ रबरी किड्यांचं एक पाकीट, त्याला ऑफसेट, म्हणजे मानेजवळ वाकवलेला, गळ आणि गोळीसारखं शिसं. सोबत लांब चोचीची पक्कड, ती विसरू नकोस. हे सगळं तुझ्या बजेटच्या निम्म्यात बसायला हरकत नाही. उरलेल्या पैशात चांगली दोरी घे आणि दोन-चार वेळा पेट्रोल टाकून नुसता पाणी बघायला जा.

प्रश्न : नमस्कार. मी कुडचीकडचा शेतकरी, वय 52. लहानपणापासून आम्ही तंगूसच, म्हणजे साधी नायलॉनची दोरी, वापरला. आता पुतण्याने ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी आणून दिलीय, डबीवर 30 पौंड लिहिलंय, तरी दोन वेळा मासा तोडून गेला. दोरी खोटी आहे म्हणायची का?

उत्तर : दोरी खोटी असेलही, पण आधी तुटलेलं टोक बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालेलं असेल तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सुटलीय. टोक पिंजल्यासारखं, केसाळ झालेलं असेल तर ती दगडाला नाहीतर शिंपल्याला घासली. मला वाटतं तुमची गाठ सुटली असणार, कारण तंगुसाला आपण गळाच्या डोळ्यातून घालून पाच-सहा पिळे देऊन जी गाठ मारतो ती ब्रेडेडला धरत नाही, दोरी गुळगुळीत असते, ताण आला की घसरते.

ब्रेडेडला पालोमार नावाची गाठ मारा. दोरी दुहेरी करा, साधारण वीतभर. ती दुहेरीच गळाच्या डोळ्यातून बाहेर काढा. आता त्या दुहेरी दोरीची साधी एक गाठ मारा पण आवळू नका, सैल ठेवा. पुढे जो फासा उरला त्यातून अख्खा गळ घाला आणि फासा गळाच्या वर घ्या. मग थुंकी लावून ओली करा आणि सावकाश आवळा. ओली करायला विसरायचं नाही, कोरडी आवळली की घर्षणाने दोरी तिथेच भाजते आणि निम्मा जोर जातो, तंगुसाला तर हे जास्तच. ही गाठ अंधारातसुद्धा जमते, घरी चार संध्याकाळी सराव केला की हात चालतो.

दुसरं, रीलच्या गुळगुळीत चाकावर ब्रेडेड थेट गुंडाळली असेल तर सगळी दोरी चाकावरच फिरत राहते आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटतं. आधी दहा-पंधरा पिळे तंगुसाचे घ्या, त्याला ब्रेडेड जोडा. आणि चाक काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर झुबक्याने सुटते.

ड्रॅग किती आवळायचा हे हाताच्या अंदाजाने बरेच जण करतात आणि चुकतात. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढाच ठेवायचा. तंगूस 12 पौंडाचा, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास असेल तर ड्रॅग दीड किलोला सुटला पाहिजे. घरी दीड लिटरची पाण्याची बाटली भरा, दोरी रॉडच्या कड्यांतून न घालता सरळ रीलमधून घ्या आणि बाटलीला बांधून उचला. बाटली हळूहळू खाली उतरायला लागली की बरोबर, लोंबकळत राहिली तर थोडा सैल करा. ब्रेडेड 30 पौंडाची असली तरी रॉड आणि गळ तेवढ्याचे नसतात, तेव्हा तिथेही दोन-अडीच किलोच्या वर जाऊ नका.

आता दोन्हीत बरं काय. ब्रेडेड ताणत नाही, पाण्यावर तरंगते, जलपर्णीतून मासा ओढून काढायला तीच पाहिजे. तंगूस ताणतो, धक्का खाऊन घेतो, स्वस्त आहे, उघड्या पाण्यात कटला-रोहूला मी अजून तंगूसच वापरतो. फक्त तो उन्हाने कुजतो, गच्चीत टांगून ठेवू नका आणि वर्षातून एकदा बदला. ब्रेडेड कधीही हाताला गुंडाळून ओढायची नाही, बोट कापतं, अगदी खोल.

आणि तुम्ही कृष्णाकाठचे म्हणून मुद्दाम लिहितो, मगरी तुमच्याकडे आहेत, तुम्हाला मी काय सांगणार, पण गळ टाकून उकिडवं पाण्याच्या कडेला बसायची आपल्या लोकांची सवय आहे ती सोडायला पाहिजे. चार-पाच पावलं मागे, उंचावर उभं राहायचं. सात फुटी रॉडचा हाही एक फायदा आहे, कडेला जावं लागत नाही. मासे साफ केलेली घाणही तिथेच टाकू नका, मगर त्या वासाला परत परत येते.

तुटलेली दोरी खिशात घालून घरी न्या. एकदा मला बाभळीला एक पाणकावळा उलटा लोंबकळताना दिसला, पायाला तंगूस गुंडाळलेला, सोडवला तेव्हा पाय काळा पडला होता. कुणीतरी वीतभर दोरी फेकली होती, तेवढीच.

प्रश्न : मी गोकाकचा. फ्रॉग ल्युअर वापरतोय, मरळ धाडकन येते, पाणी उडतं, पण दहातल्या आठ वेळा गळ लागतच नाही. मित्र म्हणतो पिल्लांच्या घोळक्यात टाक, तिथे हमखास लागते. खरं आहे का?

उत्तर : पहिल्याचं उत्तर सोपं आहे, तू घाई करतोस. फ्रॉगचे दोन्ही गळ अंगाला चिकटून वर तोंड करून असतात म्हणून तर तो शेवाळावरून न अडकता येतो. मरळीने तो तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. पाणी उडालेलं बघून तू हिसका देतोस तेव्हा तिने नीट धरलेलाच नसतो. पाणी उडालं की थांब, मनात एक-दोन म्हण, दोरी जड लागली, बाजूला सरकायला लागली, की मग जोरात मार. हात शिवशिवतात माहीत आहे मला, पण थांबायचं. नवीन फ्रॉग घेतलास की बोटांनी दाबून बघ, कडक असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ ठेव, मऊ होतो. त्यात पाणी शिरलं असेल तर पिळून काढ.

मरळ कुठे आहे हे कळायला एक सोपी खूण आहे. ती हवा घ्यायला वर येते. कल्ल्यांवर तिचं भागत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने पृष्ठभागावर "गुळुक" असा आवाज येतो आणि एक वर्तुळ उठतं. सकाळी साडेसहा-सातला वारा पडलेला असताना अर्धा तास काही न टाकता नुसतं बसलास तर चार ठिकाणं कळतात. त्या वर्तुळावर टाकायचं नाही, दोन हात पलीकडे टाकायचं आणि तिथून चालवत आणायचं.

आता दुसरं. मित्र म्हणतो ते खरं आहे, म्हणूनच ते करायचं नाही. पावसाळ्याच्या सुमाराला पाण्यावर लालसर, केशरी रंगाचा एक झुबका खळखळताना दिसतो, ती मरळीची पिल्लं, शेकडो असतात, एकदम वर येतात हवा घ्यायला आणि एकदम खाली जातात. आई-बाप दोघं खालीच असतात, राखण करत. त्या झुबक्यात काहीही पडलं तरी ते तुटून पडतात, भूक म्हणून नाही, पोरांना धोका आहे म्हणून. ते दोघं काढलेस की तासाभरात चिलापी आणि बाकीचे मासे ती पिल्लं संपवतात. एक मरळ खाल्लीस आणि शेकडो घालवलीस. मी हे फार कळकळीने लिहितोय, कारण आमच्या लहानपणी ज्या ओढ्यांत गुडघाभर पाण्यात मरळ दिसायची तिथे आता नाही दिसत. लाल झुबका दिसला की ल्युअर गुंडाळ आणि पुढे चल. मित्रालाही सांग.

आणि गोकाकचा आहेस म्हणून, धुपदाळच्या बंधाऱ्याचा भाग घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतो, तिकडे गळ नको.

प्रश्न : संकेश्वरजवळ आमचं ऊस आणि शेततळं आहे. भावाचं म्हणणं, बाहेरून बासचं बीज आणून शेततळ्यात सोडू, शहरातले लोक पैसे देऊन गळ टाकायला येतील. आपला सल्ला हवा.

उत्तर : करू नका. भावाला कल्पना चांगली सुचलीय, लोक येतीलही, पण मासा चुकीचा आहे.

जपानने 1925 साली बास नेला, आशी नावाच्या तलावात सोडला. तिथून तो देशभर पसरला, बिवा तलावातले मूळचे मासे त्याने खाऊन कमी केले आणि 2005 पासून तिथे कायद्याने तो घातक परका मासा ठरवलाय, पाळायला, नेण्या-आणायला बंदी. ज्या तलावात विक्रमी बास सापडला तिथेच तो नकोसा झालाय. आपल्याकडे काय झालं बघा, चिलापी 1952 मध्ये देशात आणली आणि आज प्रत्येक तलावात तीच. आफ्रिकन मागूरवर 2000 साली बंदी आली तरी तो नद्यांत आहेच. शेततळं बंद असतं असं आपल्याला वाटतं, पण एका जोराच्या पावसात सांडवा वाहतो, ओढ्याला मिळतो, ओढा हिरण्यकेशीला. 2019 चा महापूर तुम्ही बघितलाय, कुठलं पाणी कुठे गेलं ते.

आणि ही हिरण्यकेशी साधी नदी नाही हो. तिच्या उगमाला, आंबोलीच्या महादेवाच्या देवळाजवळ, 2020 साली बोटाएवढाही नाही असा एक मासा सापडला, शास्त्रज्ञांनी नदीचंच नाव देऊन त्याचं नाव शिस्टुरा हिरण्यकेशी ठेवलं, आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्र सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ केलं. आपल्या घाटातून निघणाऱ्या नद्यांत असे मासे आहेत जे जगात दुसरीकडे नाहीत. त्या पाण्यात परका शिकारी कशाला.

भावाला सांगा कटला-रोहू सोडा, थोडी मरळ वेगळ्या तळ्यात सोडा, बीज मत्स्य खात्याच्या केंद्रातून घ्या. दोन किलोचा कटला हलक्या रॉडवर लागला की शहरातला माणूस वर्षभर विसरत नाही. भाड्याने द्यायला सहा साधे स्पिनिंग रॉड पुरतात.

प्रश्न : गोव्यात हॉटेलात मेनूवर सी बास लिहिलेलं होतं, तोच हा बास का? आणि आपल्याकडे गळ टाकायला लायसन लागतं का? (बेळगाव, शहापूर)

उत्तर : नाही, तो वेगळा. आपल्याकडे बहुतेक वेळा सी बास म्हणून मिळतो तो चणक, कोकणातला जिताडा. खाडीत आणि समुद्राच्या कडेला राहतो, त्याला गळाने पकडणारे गोव्यात पुष्कळ आहेत आणि त्यांचं सामान जाड असतं, खाऱ्या पाण्याने गंजू नये असं. गोड्या पाण्याची रील तिकडे नेली तर संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायलाच पाहिजे.

परवानगीचं म्हणाल तर धरण आणि तलावांची मासेमारी खात्याकडून लायसनने किंवा ठेक्याने दिलेली असते, गावतळी बऱ्याचदा कुणीतरी ठेक्याने घेतलेली असतात. "मीनुगारिके इलाखे" अशी कन्नडमधली पाटी असलेलं ऑफिस तालुक्याला असतं, तिथे जाऊन विचारायचं, आणि गावात गेल्यावर ठेकेदाराला भेटून सांगायचं. चहा पाजून परवानगी देतात बहुतेक. न विचारता टाकलात तर त्याच्या पोटावर पाय येतो, रागावणारच तो. राकसकोपला मात्र नको, ते आपल्या सगळ्यांच्या पिण्याचं पाणी आहे.

प्रश्न : काका, मी खानापूर तालुक्यात शाळेत शिकवते. माझा मुलगा दहा वर्षांचा, त्याला मासे पकडायचं फार वेड लागलंय. ऑनलाइन मुलांचे बास सेट मिळतात ते घेऊ का? सासऱ्यांची जुनी बांबूची काठी घरात आहे. मला गळाची भीती वाटते.

उत्तर : ताई, सेट घेऊ नका, काठी द्या. आजोबांची काठी आहे, त्यापेक्षा चांगली सुरुवात कुठली.

काठीच्या लांबीएवढाच तंगूस, 6 ते 8 पौंडाचा, शेंड्याला बांधा. बुचाचा एक तुकडा, त्याच्या खाली शिसाचा एक बारका मणी, खाली 8 किंवा 10 नंबरचा गळ. गळाचा नंबर वाढला की गळ बारीक होतो हे दुकानात लक्षात ठेवा, नाहीतर मोठा गळ देतील. बुच असं सरकवायचं की गळ तळापासून वीतभर वर राहील. आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, कणकेत थोडी हळद घालून घट्ट मळली की पाण्यात लवकर विरघळत नाही. बुच एकदा-दोनदा थरथरलं तर काही करायचं नाही, तिरकं होऊन बुडालं की उचलायचं. या काठीवर मुलगा बुच वाचायला शिकेल, ते रीलवर कुणी शिकत नाही. वर्षभराने साडेपाच-सहा फुटी हलका स्पिनिंग रॉड द्या.

भीतीचं म्हणाल तर घरीच पक्कडीने गळाच्या टोकामागचं उलटं नख दाबून सपाट करा. मग बोटात गेला तरी जसा गेला तसा निघतो, आणि बारका मासा परत सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. मासा धरायच्या आधी हात ओले करायला त्याला शिकवा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर मरतो. डोळ्यावर साधा चष्मा किंवा गॉगल आणि डोक्यावर टोपी असावी, काठी मागे घेताना मागे कुणी नाही ना ते ओरडून विचारायची सवय लावा.

जागा मलप्रभेच्या संथ डोहाची, जिथे उतार कमी आहे आणि मोठं माणूस सोबत आहे. जूनपासून पाणी गढूळ असेपर्यंत नदीवर न्यायचंच नाही, कणकुंबीकडे पाऊस पडला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. भीमगडच्या जंगलात अभयारण्य आहे, तिकडे काठी न्यायची नाही.

गांडुळं आदल्या संध्याकाळी काढून ठेवा, जुन्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडून, ओली माती आणि थोडी सुकी पानं घालून. डबा उन्हात ठेवला तर दुपारपर्यंत सगळी मेलेली असतात आणि मेलेल्या गांडुळाला चिलापी तोंडसुद्धा लावत नाही.